वेडावणं

माझ्या दारावर पाटी आहे, 'समुपदेशन कक्ष'. लोकांना त्यातला फक्त उपदेश दिसतो. सासू सुनेला घेऊन येते, बाप पोराला घेऊन येतो, आणि सगळ्यांचं मागणं एकच असतं, "मॅडम, जरा समजावून सांगा." मी उपदेश करत नाही, ऐकते, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.

सुग्रीवनेही बायकोला, कडूबाईला, असंच आणलं. "मेंढरं इकायचं ठरलं तवापासून ही धड जेवत न्हाई. पोराला त्यांच्या मागं फिरायचं न्हाई, माझ्यानं आता हुईना. जरा समजावून सांगा."

मी त्याला बाहेर बसवलं. कडूबाईने भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाली, "मेंढरं माझी हायेत. मला कुणी इचारलं न्हाई."

आमच्या शिक्षणातला पहिला धडा असा, की समोरच्याचं बोलणं आपल्या तोंडून त्याला परत द्यायचं. आपलं कोणीतरी ऐकलं, असं त्याला वाटतं. मी मऊ आवाजात म्हणाले, "मेंढरं तुमची आहेत. तुम्हाला कोणी विचारलं नाही."

तिने पदर सावरला. "मला वेडावती का गं?"

"तुम्हाला वाटतंय, मी वेडावते."

"पुन्ना तेच," म्हणत ती उठून निघून गेली.

मला स्वतःचाच संताप आला. पुण्याला वर्गात याच पद्धतीवर मी टाळ्या घेतल्या होत्या. माणसाला आहे तसं स्वीकारा, त्याचं उत्तर त्याच्यातच असतं, हे मला आजही पटतं. पण आमच्याकडे दुसऱ्याचे शब्द परत म्हणतात ते खिजवायला. माझ्या गावी, वडवणीत, नळावरच्या भांडणांत मी ते शंभरदा ऐकलेलं, आणि खुर्चीत बसल्यावर नेमकं विसरले.

पुढच्या गुरुवारी सुग्रीव तिला परत घेऊन आला. दारातच म्हणाला, "मागच्या टायमाला तुमी नीट समजावलं न्हाई."

माझं डोकं फिरलं. "काका, तुम्हीही आत या. मावशी, त्या दिवशी माझं चुकलं. ज्यांनी ऐकायचं त्यांना मी बाहेर बसवलं."

कडूबाईने माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "मेंढरं माझी हायेत. मला कुणी इचारलं न्हाई."

"मावशी काय म्हणाल्या, ते तुम्ही सांगा," मी सुग्रीवला म्हणाले.

"त्यात काय सांगायचं?"

"सांगा."

तो टोपी चाचपत राहिला. "मेंढरं... हिची हायेत." त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "हिला मी इचारलं न्हाई."

'कुणी'चं 'मी' झालं होतं. कडूबाईचे डोळे भरून आले. आता जमलं, असं मला वाटलं. तेवढ्यात तो माझ्याकडे वळला. "पर मॅडम, पोरगा आत्ता टेम्पोत भरतोय त्यांला. ही समोर नको, म्हणून तर इकडं आणली."

म्हणजे माझी खोली त्याने बायकोला अडकवून ठेवायला वापरली होती.

"फोन लावा," कडूबाई म्हणाली. दोन्ही भेटींत तिने नवऱ्याशी पहिल्यांदाच असं थेट बोलायला तोंड उघडलं होतं.

सुग्रीवने फोन काढला आणि माझ्याकडेच पाहिलं. "पोराला आता काय सांगू?"

"जरा समजावून सांगा," मी म्हणाले. या वेळी मात्र मी वेडावतच होते.