बाबारावचे आदर्श कान

बाबाराव कोराडी ते नंदनवन बस चालवायचा. त्याच्या डाव्या बाजूला इंजिन इतकी वर्षं खडखडत राहिलं, की शेवटी दोन्ही कानांनी राजीनामा दिला. घंटी ऐकू येईना, म्हणून कंडक्टर मोनाली त्याच्या सीटमागच्या पत्र्यावर लाथ मारायची. एक लाथ म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. पॅसेंजरांना वाटायचं, बाई फार तापट दिसते.

मग डेपोत कानतपासणीचं शिबिर लागलं. कान गेलेल्याला कानाचं मशीन आणि डेपोत बसून करायचं काम मिळणार होतं. स्टेअरिंग सुटेल म्हणून बाकीचे ड्रायव्हर धास्तावले. बाबाराव मात्र खूश. त्याची नात नुकतीच बोलायला लागली होती. दिवसभर तुमचंच नाव घेते, असं त्याची मुलगी दीप्ती खाणाखुणा करून सांगायची. त्याला नुसते इवलेसे ओठ हलताना दिसायचे. तपासणीत नापास व्हायचं, असं त्यानं पक्कं ठरवलं. मोनालीला हे सांगायची त्याला लाज वाटली, तिथंच घोळ झाला.

बाबारावकाकांची गाडी जाणार, हे मोनालीनं भलतंच मनाला लावून घेतलं. तपासणीच्या दिवशी बाबारावची खुर्ची पत्र्याच्या पार्टिशनला टेकलेली होती. डॉक्टरांनी हेडफोन चढवला आणि आवाज आला की हात वर करा, असं खुणेनं सांगितलं. तपासणीच्या यंत्राचा दिवा लुकलुकताना फटीतून दिसला की मोनाली पार्टिशनमागून दोन लाथा हाणायची; वर्कशॉपच्या ठोकाठोकीत डॉक्टरांना त्या वेगळ्या कळत नव्हत्या. दोन लाथा बसल्या की बाबारावचा डावा हात आपसूक गिअरकडे उठायचा. त्यानं हात मांडीखाली दाबला, तरी तो निसटून वर आला. असे कान पंधरा वर्षांच्या पोराचेही नसतात, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. कानाचं मशीन गेलं आणि पदरात सत्कार पडला.

सत्काराला सगळे ड्रायव्हर, मेकॅनिक आणि उभं आयुष्य वर्कशॉपमध्ये काढलेले मॅनेजरसाहेब आले. बाबारावनं माइक धरला.

"साहेब, मी बहिरा आहो. माही नात मले आवाज देऊन राहिली, अन् मले ऐकू येत नाही. मले मशीन द्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. इंजिनांनी तिथं कुणाचेच कान शाबूत ठेवले नव्हते; बोलणाऱ्याचा जबडा थांबला की टाळ्या वाजवायच्या, हा डेपोचा जुना रिवाज. साहेबांनी गहिवरून आणखी एक हार घातला.

ऐकलं फक्त दोघींनी. मागे लेकीला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या दीप्तीनं ओढणी तोंडाला लावली. मोनालीनं माइक ओढून घेतला.

"लाथा म्या मारल्या, साहेब. काकाचं मशीन माह्यामुळं गेलं."

पुन्हा टाळ्या. तिलाही नारळ मिळाला.

मागून नात "आबा, आबा" म्हणून जीव तोडून ओरडत होती. तिच्याकडे पाठ करून बाबाराव टाळ्यांना नमस्कार करत होता. मोनालीनं नारळ खाली ठेवला, त्याचे दोन्ही खांदे धरले आणि त्याला मागं वळवलं.