अकराचा कौल

रहाटणीच्या मंगल कार्यालयात मुंगी शिरायला जागा नव्हती. परातीतल्या मक्याच्या दाण्यांतून देव कौल देतो म्हणे! द्वादशनाथ महाराज माईकवरून गर्जत होते, "बारा राशी, अकरा रुद्र! मूठ तुमची, कौल त्याचा!"

छबूबाई भिंतीला टेकून बसली होती. चाकणच्या बोल्टच्या कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून थेट आलेली. पाय भरून आलेले, हातांना तेलाचा वास. शेजारी सून प्रभावती आणि सात वर्षांची नात, सृष्टी. पोरीला फिट्स यायच्या. गोळ्या सुरू झाल्यापासून आठ महिन्यांत एकही आली नव्हती.

"आत्याबाई, कौल आला की आजपासून गोळ्या बंद," प्रभावती कुजबुजली.

"आन् न्हाई आला तर?"

"इथं सगळ्यांनाच येतो."

"सगळ्यांनाच?" छबूबाईचे पेंगुळलेले डोळे उघडले.

प्रभावतीने मूठभर दाणे काढले. सेवेकऱ्याने बारा-बाराचे ढीग लावले. ढीग झाले चार, वर पाच दाणे सुटे. "चार नि पाच, नऊ!" म्हणत महाराजांनी सगळे दाणे पुन्हा कालवले आणि त्यातले नऊ उचलून धुनीत टाकले. "आता अकराचे ढीग लावा. एक जरी दाणा उरला, तर देवाचा नकार!"

अकराचे बरोबर चार ढीग लागले. एकही दाणा उरला नाही. टाळ्या कडाडल्या. प्रभावतीने रडत रडत गोळ्यांची पिशवी महाराजांच्या पायांशी ठेवली.

छबूबाईचा अंगठा मात्र केव्हाच बोटांच्या पेरांवरून फिरू लागला होता. चार बोटं, बारा पेरं. एकोणीस वर्षं ती अशीच बोल्ट मोजत आली होती. त्रेपन्न बोल्ट असले की खोक्यावर खडूने लिहायची, चार-पाच. चार डझन, वर पाच.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "महाराज, मला बी इचारायचंय. गोळ्या चालू ठिवू का?"

तिच्या मुठीत निघाले सात ढीग, सहा सुटे. तेरा दाणे धुनीत गेले. उरले अकराचे बरोबर सात ढीग.

"देव दोन्हीला व्हय म्हनतोय राव!" मागून कुणीतरी हसलं.

"देवाची परीक्षा बघतेस, म्हातारे?" महाराज खेकसले.

"देवाची न्हाई, डझनाची." तिने पुन्हा मूठ भरून बाराचे ढीग लावले. "आता कालवायचं न्हाई. आधी सुटे उचलले. ते संपले. मंग जेवढे ढीग तेवढे दाने काढायचे. म्हंजी एकेका ढिगातला एक. बारातनं एक गेला, किती ऱ्हायले गं?"

"अकरा!" सृष्टी ओरडली.

एवढंच होतं. कुठलीही संख्या बाराच्या हिशेबात लिहा, तिच्यातून तिच्याच अंकांची बेरीज वजा करा. उरेल ते अकराने भागलं जाणारच. मूठ कुणाचीही असो, प्रश्न कुठलाही असो.

प्रभावती जागची हलली नाही. "मग आत्याबाई, माझी पोर बरी कोण करणार?"

"ते मला न्हाई म्हाईत, पोरी." छबूबाईने वाकून पिशवी उचलली. "पर आठ म्हैने ती पडली न्हाई, हे आपन दोघींनी मोजलंय. गोळी बंद करायची का, ते डॉक्टरला इचारू."

अर्धी गर्दी उठली. अर्धी पुढे सरकली, परातीकडे. छबूबाईला त्याचं नवल वाटलं नाही. वाद घालायचं त्राणही उरलं नव्हतं. तिने पाण्याची बाटली उघडली, गोळी नातीच्या तळहातावर ठेवली.

तुम्ही त्या रांगेत असाल, तर एवढंच करा: आधी उलटा प्रश्न विचारून पाहा. ज्याला 'नाही' म्हणताच येत नाही, त्याच्या 'हो'वर लेकराचं औषध सोडू नका.