घर म्हणजे होडी नव्हे

मित्रांनो, मी एक जुना दगडी म्हातारा आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एका कोळ्यांच्या गावात, समुद्राकडे पाठ करून उभा. पाठ का, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. अरे, जानेवारीत एकदा तोंड करून उभे राहा, म्हणजे कळेल!

मला बांधताना गवंड्यांनी हात आखडता घेतला नाही. भिंती दोन हात जाड, डोक्यावर लाल कौलं, आणि दोन्ही टोकांच्या भिंती पायऱ्या-पायऱ्यांनी निमुळत्या होत वर गेलेल्या. त्या पायऱ्या माणसांच्या काही कामाच्या नाहीत. समुद्रपक्षी तिथे बसतात आणि त्यांना जे करायचं ते करतात. अंगावर चुना-वाळूचा गिलावा होता. पाऊस आला की मी थोडं पाणी प्यायचो, वारा सुटला की सगळं परत देऊन टाकायचो. दोनशे वर्षं माझं छान चाललं होतं.

मग वॉटी मालक झाला. माणूस सोन्यासारखा, पण सारा जन्म हेरिंग मासे धरणाऱ्या होडीवर गेलेला. फट दिसली की बुजवायची, एवढंच त्याला ठाऊक. चुन्यावर दर काही वर्षांनी हात फिरवावा लागतो, याचा त्याला भारी कंटाळा. त्याने मला नखशिखान्त सिमेंट थापलं आणि आता थेंबसुद्धा आत येणार नाही, असं गल्लीभर सांगत सुटला.

थेंब आला की हो! सिमेंटला बारीक चीर गेली, पाणी आत शिरलं आणि बाहेर पडायला वाटच नाही. माझा जीव गुदमरला. भिंतींना घाम, बिछान्याला ओल, ओटच्या पिठाला बुरशी. वॉटीची बायको एल्स्पेथ खोकून खोकून बेजार झाली. वॉटी म्हणे, सगळा दोष तुझ्या किटलीच्या वाफेचा. तिने चहा कमी केला. मग म्हणे, सुपाचा. सूपही बंद झालं, तेव्हा म्हणाला, तू श्वासच फार जोरात घेतेस.

त्याच दिवशी एल्स्पेथने खुर्ची नि पांघरूण उचललं आणि मागच्या खुराड्यात राहायला गेली. खुराडं माझ्याच दगडाचं, पण कोंबड्यांसाठी सिमेंट कोण खर्च करणार? तिथे जुना चुनाच होता. एकदम खडखडीत कोरडं. शेजारीण यूफी येता-जाता विचारी, अंडी घालायला कधी लागणार गं? गाव हसत होतं, मला मात्र रडू येत होतं. चूल पेटवणारं माणूस निघून गेलं की आम्हा घरांचं काही खरं नसतं.

शेवटी वॉटी खुराड्याच्या दाराशी कमरेत वाकून उभा राहिला.

“घरी चल ना, एल्स्पेथ.”

“ते घर कुठाय? होडी करून ठेवलीयस त्याची. आणि ती आतून भरतेय.”

“मग काय करू?”

“होडीत पाणी शिरलं तर काय करतोस?”

“उपसतो.”

“मग त्या बिचाऱ्या घरालाही उपसू दे की.”

वॉटी तसाच माघारी वळला. मग हातोडा घेऊन आला. सिमेंटबरोबर माझे चार टवकेही उडाले, दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. उन्हाळाभर मी वाळत राहिलो. मग वॉटीने स्वतः चुना कालवला आणि माझ्या अंगावर फेकला. निम्मा त्याच्याच मिशांवर गेला.

एल्स्पेथ परत आली. भिंतीला गाल लावून पाहिला आणि चूल पेटवली. वॉटी दिवसभर कान देऊन बसला होता. खोकला आला नाही. तेव्हा त्याने टोपी डोळ्यांवर ओढली आणि लहान मुलासारखा रडला.

म्हणून सांगतो मित्रांनो, म्हाताऱ्यांना पांघरूण जरूर घाला. फक्त नाक तेवढं उघडं ठेवा.