दोन आकडे जुळेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना गणक आहे. विजेवर चालणारा नव्हे हं! आकडे लावून दांडा फिरवायचा, लोखंडी आणि चांगलाच जड. कारखान्यातून निघालो तेव्हा असा चमकत होतो की कारकून माझ्यात बघून भांग पाडायचे. मग तारखात्याच्या कचेरीत इंजिनिअरबाईंच्या टेबलावर आलो. बाई तोंडाने फटकळ, पण माझ्या दात्यांना तेल मात्र स्वतःच्या हाताने घालायच्या. माझा त्यांच्यावर फार जीव होता.

बाईंची आत्या समोरच्या बेटावरच्या दवाखान्यात नर्स होती. बेटापर्यंत समुद्राखालून एक जुनी तार गेली होती. तिच्यावर इतकी खरखर, की निम्मा निरोप चुकीचाच पोहोचायचा. कचेरीचे मोठे साहेब म्हणाले, तार बंद करून टाकू. पण रोग्याच्या हृदयाचा आलेख शहरातल्या डॉक्टरांना दाखवायला दुसरी वाटच नव्हती, आणि वादळात होडी निघत नसे. बाईंनी थोडी मुदत मागून घेतली. या खरखरीतून जास्तीत जास्त किती मजकूर बिनचूक जाऊ शकतो, ते त्यांना काढायचं होतं. आलेखापुरता जात असेल, तर तार राहणार होती.

तारेवर तीन सूर पाठवता येत: खालचा, मधला आणि वरचा. मधला मोठा घोटाळेबाज. पलीकडे तो कधी खालचा म्हणून ऐकू जाई, कधी वरचा. बाईंनी आधी निरोपात तिघांना सारखा वाटा दिला, म्हणजे तिन्ही सूर सारख्याच वेळा वापरायचे. हिशेबातून दोन आकडे निघाले. लहान आकडा सांगे, एवढं नक्की जाईल. मोठा सांगे, यापेक्षा जास्त कधीच जाणार नाही. खरं उत्तर त्यांच्या मधे कुठेतरी. साहेबांनी लहान आकडा पाहिला, तो आलेखाला कमी भरला, आणि ते उठायला लागले.

"थांबा साहेब," बाई म्हणाल्या, "दोन आकडे जुळेपर्यंत हे उत्तर नाही."

मग काय विचारता! कामाच्या सुराला थोडा जास्त वाटा, घोटाळेबाजाला थोडा कमी, आणि पुन्हा सगळा हिशेब. दर खेपेला लहान आकडा वर सरके, मोठा खाली येई. माझे दाते तापले, बाईंचा हात भरून आला. शेवटी दोघे एकमेकांना टेकले. मधल्या सुराच्या वाट्याला जवळजवळ काहीच उरलं नव्हतं, आणि आलेख मावत होता! मला दांड्यासकट नाचावंसं वाटलं. साहेबांनी तार चालू ठेवायच्या कागदावर सही केली.

निरोप नीट बांधून पाठवायची पद्धत बसवायला पुढे बरेच महिने गेले. मग एका वादळात, होड्या बंद असताना, आत्याच्याच छातीत कळ आली. तिचा आलेख तारेवरून आला, डॉक्टरांनी तो पाहून लगेच औषध कळवलं. बरी होऊन ती कचेरीत आली, तेव्हा बाई तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडल्या. मीही रडलो असतो, पण गंजलो असतो.

आता बाई निवृत्त झाल्या आणि मी फडताळात पडलोय. दाते अडकतात. मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना अधूनमधून तेल घाला, एवढं तर मागतोच. पण त्याहून मोठं एक मागणं आहे. कुणाचं बोलणं तुटक, अडखळत येत असेल, तर काही कळत नाही म्हणून लगेच उठून जाऊ नका. त्यातून किती पोहोचू शकतं ते आधी बघा. आत्याचं हृदय अशाच खरखरीतून आलं होतं.