चंदनाच्या पेटीतली केळी

"गळली! गळली!" जयनगरच्या सभागृहात एकच गलका झाला. काचेच्या पेटीतल्या जिरेनियमच्या कुंडीवरून लाल पाकळ्या टपाटप पडत होत्या. कुंडीशेजारी चंदनाचा फोटो आणि तिच्या नावाचा नैवेद्य होता.

पुष्पानंद स्वामींनी डोळे मिटले. "पाकळी सुटली, कूस रुसली! हिच्या छायेत काही टिकायचं नाही. डॉक्टरांच्या गोळ्या बंद. एकवीस दिवस फक्त माझं तीर्थ!"

चंदनाला तिसरा महिना होता. आधीचं मूल पोटातच गेलेलं. तिनं सासूकडं पाहिलं. सकवारबाईंनी नजर चुकवली.

सकवारबाईंची मुलगी विद्या झाडांच्या जनुकांवर काम करायची. तिला बसवेना. ती उठली, बसली, पुन्हा उठली. शेजारच्या पेटीत सत्यवतीअक्कांचा फोटो होता. तिथली एकही पाकळी गळली नव्हती. दोन्ही पेट्या सकाळीच बंद केलेल्या, कुंड्याही सारख्याच. मग फरक कशात?

अक्कांच्या नैवेद्याला नारळ होता. चंदनाच्या नैवेद्याला काळे ठिपके पडलेली पिकली केळी.

"स्वामी, कुणाला नारळ आणि कुणाला केळी, हे कोण ठरवतं?"

"देव ठरवतो, बाळ!"

"मग अक्कांच्या पेटीत ही केळी ठेवते. आणि फोटो तुमचा."

स्वामींचा चेहरा उतरला. "देवाची परीक्षा? पाप लागेल!"

"लागू दे," सत्यवतीअक्का म्हणाल्या. त्यांनी तीस वर्षं शाळेत शिकवलं होतं. "स्वल्प, जरासं बघू तरी."

पेटी बंद झाली. एक तास गेला. काही नाही. विद्या येरझाऱ्या घालू लागली. आज पाकळ्या गळल्याच नाहीत तर? चंदनाच्या गोळ्या कायमच्या सुटतील. दीड तास झाला. लोक चुळबुळू लागले.

एक पाकळी सुटली. मग दुसरी. मग झडच लागली.

"आता स्वामींची छाया वाईट म्हणायची का?" विद्यानं विचारलं. "पिकल्या केळ्यांतून एथिलीन नावाचा वायू सुटतो. बंद पेटीत तो साठतो. पाकळीच्या बुडाशी पेशींचा पातळ थर असतो. वायू पोचला की तिथली जनुकं कामाला लागतात, पेशींना जोडणारा डिंक विरघळतो आणि पाकळी सुटते. आमच्या प्रयोगशाळेत एका झाडात हा वायू ओळखणारं जनुकच बिघडलंय. त्याच्याभोवती केळ्यांचा ढीग लावला तरी फुलं टिकतात. ज्या घरात आधीच भीती आहे, त्या घराला हे स्वामी केळी देतात."

"माझा गुडघा मात्र स्वामींनीच बरा केला," मागून कुणीतरी पुटपुटलं. स्वामी 'ध्यानाची वेळ झाली' म्हणत बाजूच्या दारानं सटकले.

सकवारबाईंनी विद्याला विचारलं, "मग आधीचं मूल का गेलं गं?"

"मला माहीत नाही, आई. डॉक्टर थायरॉइड म्हणतात, गोळ्या त्याच्याच आहेत. फुलाचं कारण आम्ही फुलात शोधतो. वहिनीचं तिच्या तपासणीत शोधायचं. कारण कळत नाही म्हणून ते कुणा बाईच्या माथी मारायचं नाही."

सकवारबाई उठल्या. मग सुनेचा हात धरून म्हणाल्या, "ऊठ, चंदना. डॉक्टरांकडं जाऊ. काय विचारायचं ते मीच विचारते."