टाक्यांवरचे पट्टे

नागापूरच्या एमआयडीसीत ऑक्सिजन भरायचा एक कारखाना होता. मनकर्णाबाई तिथे झाडलोट करत आणि चहा करत. वेल्डिंगच्या कामासाठी टाक्या भरून नेणारी वर्कशॉपं भोवती पुष्कळ, आणि प्रत्येकाच्या टाकीवर त्याच्या रंगाचा पट्टा. मोहियोद्दीन मिस्त्रींचा हिरवा, गोरक्षनाथशेटचा पिवळा. आपली टाकी दुसऱ्याच्या टेम्पोत गेली की माणसं बांध कोरल्यासारखी भांडत. अशाच एका टाकीपायी हे दोघं वर्षभर एकमेकांशी बोलले नव्हते.

करोनाच्या दुसऱ्या लाटेतल्या त्या सकाळी मनकर्णाबाई फाटकातून आत आल्या त्या एकच गोष्ट मनात धरून. धाकटा भाऊ वाल्मिक शहरातल्या एका लहानशा दवाखान्यात ऑक्सिजनवर होता. भाच्याचा, करणचा, फोन आला होता. "आत्या, डॉक्टर म्हनले, सांजपातुर पुरंल. पुढचं कायतरी बघा." सुनीलकडे, म्हणजे मॅनेजरकडे, एक टाकी मागायची, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

सुनील आवारात हताश उभा होता. सगळा ऑक्सिजन दवाखान्यांनाच द्यायचा असा हुकूम आला होता. ऑक्सिजन होता, पण तो भरायला टाक्या नव्हत्या. आदल्या दिवशी त्याने वर्कशॉपवाल्यांना फोन केले होते. कुणी धड हो म्हटलं नव्हतं.

मनकर्णाबाई तोंड उघडणार तोच फाटकाशी टेम्पो वाजला. मोहियोद्दीन मिस्त्री आपल्या झाडून साऱ्या टाक्या घेऊन आले होते. मागोमाग गोरक्षनाथशेट. मग एकामागून एक टेम्पो, छोटा हत्ती, रिक्षा. एकाने तर बैलगाडी जुंपून आणली होती. रांग पार हमरस्त्यापर्यंत गेली.

"काय मिस्त्री," टेम्पोवाला हनुमंत म्हणाला, "एका टाकीपायी पोलिसात निघालेला तुमी. आज समद्या टाक्या लेकी नांदायला धाडल्यागत आनल्यात."

"तू गप उतरव," मिस्त्री म्हणाले. "पोचा पाडशील तर बघ."

कुणी व्हॉल्व्ह काढून साफ करू लागलं, कुणी टाक्या आतून धुऊ लागलं. शेजारच्या पॅकिंगच्या कारखान्यातल्या बाया आपण होऊन आल्या. दवाखान्याची टाकी लांबून ओळखू यावी म्हणून काळ्या अंगावर मान पांढरी करायची होती. जुने पट्टे बरोब्बर मानेवरच. कुणीतरी मनकर्णाबाईंच्या हातातही ब्रश दिला.

बहात्तरच्या दुष्काळात वाल्मिकला कडेवर घेऊन त्या आईमागे पाझर तलावाच्या कामावर गेल्या होत्या. आदल्या दिवशी नुसता ओसाड माळ. सकाळी बघतात तो टेकडीपर्यंत माणसांची रांग, मातीच्या पाट्या हातोहात चाललेल्या, कुणाला कुणाचं नाव ठाऊक नाही. ही सगळी माणसं काल होती कुठं, असं तेव्हा परकऱ्या मनकर्णेला वाटलं होतं. आज केस पिकल्यावर पुन्हा तसंच वाटलं.

त्यांनी हिरव्या पट्ट्यावरून पांढरा हात फिरवला. मिस्त्री बाजूलाच उभे होते.

"मिस्त्री, आता तुमची कंची हे कसं वळखायचं?"

"नाही ओळखायचं, आक्का," ते म्हणाले, आणि पुढची टाकी लोळवत घेऊन आले.

त्याच टाकीच्या बुडाशी मनकर्णाबाईंनी पांढऱ्या रंगाचं बोट टेकवलं. कपाळावरच्या गोंदणाएवढा ठिपका. ही वाल्मिकची. भरून झाली की सुनीलला सांगायचं.

भरलेल्या टाक्या बाहेर आल्या तेव्हा मनकर्णाबाई टेम्पोपाशी गेल्या. ठिपक्याची टाकी वर चढली होती.

"सुनील, ही येवढी एक वाल्मिकच्या दवाखान्यात दे. त्याला सांजपातुरच पुरंल."

सुनीलने कानावरचा फोन खाली घेतला. "मावशी, हा टेम्पो अकोले तालुक्याला चाललाय. तिथं तर तासाभराचंबी न्हाई. शहरातल्या दवाखान्यांचं नाव यादीत हाय, पन आता म्होरं कोन, मागं कोन, माझ्या हातात न्हाई." त्याचे डोळे लाल झाले होते.

मनकर्णाबाईंनी त्या ठिपक्याकडे पाहिलं. हात पुढे केला असता तर हनुमंतने टाकी उतरवूनही दिली असती, तो त्यांच्या गावचाच. त्यांनी हात पदराला पुसला.

"ने बाबा," त्या हनुमंतला म्हणाल्या. "घाटात जपून."

टेम्पो गेला. त्या परत खाली बसल्या आणि ब्रश घेतला. ऊन कलत गेलं. टाक्या येत होत्या, धुतल्या जात होत्या, पांढऱ्या होऊन निघत होत्या. फोन त्यांनी मांडीवरच ठेवला होता.

दिवस मावळायच्या आत तो वाजला.

"आत्या, टाक्या आल्या," करण धापा टाकत बोलत होता. "आमीच उतरवल्या. बापूला लावली. रंग अजून वला हाय, माझा सदरा समदा पांढरा झाला."

"बुडाशी ठिपका हाय का रे?"

"ठिपका? न्हाई. का?"

"काय न्हाई."

पॅकिंगच्या बाया समोर ओळीने बसल्या होत्या, कोपरापर्यंत पांढऱ्या. यातल्याच कुणीतरी वाल्मिकची टाकी रंगवली असणार. एकीचंही नाव मनकर्णाबाईंना माहीत नव्हतं. त्या बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग एकदम ध्यानात आलं, की सकाळपासून कुणालाच चहा मिळालेला नाही. त्या उठल्या आणि सगळ्यांत मोठं पातेलं चुलीवर चढवलं.