निळी कड

फोन वाजला तेव्हा डॉक्टर धुतलेले हात पुन्हा धूत होते. आदल्या दिवशी त्यांनी एका बसचालकाच्या डाव्या मांडीतून कर्करोगाची गाठ काढली होती. गाठ पायाकडे जाणाऱ्या मोठ्या नसेला बिलगलेली. नसेसकट कापली असती तर निरोगी मांसाची रुंद कड मिळाली असती, पण पाऊल लुळं पडून क्लच कायमचा सुटला असता. डॉक्टरांनी नस राखली आणि तिच्यावरचा पापुद्रा तेवढा गाठीबरोबर सोलून घेतला. तो अखंड निघाला की मध्येच फाटला, या घोराने रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

फोनवर मेहुणी होती. गाठी तपासायचं काम तिचं.

"भावोजी, दोन्ही दोरे सारख्याच लांबीचे आहेत. जुळी पाठवलीत की काय?"

गाठीच्या वरच्या टोकाला आखूड दोरा, नसेच्या बाजूला लांब, ही डॉक्टरांची कायमची खूण. काल जीव नसेत अडकलेला, कात्री दोन्हींवर सारखीच चालली होती.

ते जिना उतरून तपासणीच्या खोलीत गेले. ट्रेमध्ये गाठ होती, बटाट्यासारखी गोल. हातमोजे चढवून त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली.

"इथे जरा खोलगट आहे. नस इथेच टेकली असणार."

"असणार म्हणजे? या कडेला कर्करोगाच्या पेशी सापडल्या तर पुन्हा मांडी उघडाल. चुकीच्या जागी हात घालायचा का?"

डॉक्टरांनी गाठ पुन्हा फिरवली. खळगी खरंच होती, की आपल्याला हवी म्हणून दिसत होती? घरी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस आपण.

"माझ्या बोलण्यावर जाऊ नकोस," ते म्हणाले. "खुणेत चूक झाली, असं लिही. आणि दोन्ही दोऱ्यांकडचे भरपूर काप घे."

"माझं काम दुप्पट झालं. ताईला सांगते."

"सांग. ती माझ्याच बाजूने बोलेल असं नाही."

मेहुणी हसली. कापांमध्ये बाजू ओळखता याव्यात म्हणून तिने एका दोऱ्याच्या बाजूला निळी शाई लावली, दुसऱ्या बाजूला काळी. खळगी काळ्या बाजूला होती.

पुढचे दिवस डॉक्टरांनी कसेबसे ढकलले. चहा गार व्हायचा, बायको दुसरा करायची, तोही गार व्हायचा. शेवटी बोलावणं आलं.

"बसा आणि बघा," मेहुणी मायक्रोस्कोपवरून उठत म्हणाली.

निळ्या शाईला लागून एक बारीक गुलाबी पट्टी होती. गाठीच्या पेशी तिच्या अलीकडेच थांबल्या होत्या. काप बदलला, पट्टी होतीच.

"हा नसेचा पापुद्रा. सगळ्या कापांत अखंड आहे. काळ्या बाजूला नुसता स्नायू, तोही स्वच्छ," ती म्हणाली. "तुमची खळगी चुकली, भावोजी."

डॉक्टरांनी मान हलवली. आपण ठामपणे बोललो असतो तर तिने नसेची बाजू कदाचित वरवर पाहून सोडली असती. हा विचार जिना चढतानाही त्यांच्या मागेमागे आला.

चालक उशीला टेकून बसला होता.

"सगळं निघालं ना, डॉक्टर?"

"निघालं. पण नसेकडची कड फार पातळ आहे. किरणांचे उपचार घ्यावे लागतील, आणि तपासणीला येत राहावं लागेल."

"येईन. आणि क्लच?"

डॉक्टरांनी त्याच्या डाव्या तळपायाला आपला तळहात लावला. "दाबा."

चालकाने दाबला. हात मागे सरकला. डॉक्टरांनी तो पुन्हा पुढे आणला.

"अजून एकदा."